मुनव्वर पेंटरची आखूड पाकळी

आमच्या नाटक कंपनीत पडदा वर गेला की पहिली टाळी मला कधीच मिळाली नाही. ती मुनव्वर अत्तारच्या जंगलाला मिळायची. मी गात गात पुढे यायची आणि लोक माझ्यामागच्या झाडांकडे बघत असायचे. सुरुवातीला राग यायचा. पुढे पुढे मीही माझा प्रवेश नसला की बाजूला उभी राहून त्याची झाडं बघायला लागले. भवानी पेठेतला हा किडकिडीत माणूस झाडूएवढ्या ब्रशांनी दरी, धबधबा, राजवाडा उभा करायचा. "बाई, पुढच्या रांगेतला माणूस तुम्हाला बघायला येतो. मागच्या रांगेतला माझा," असं तो म्हणायचा.

एकसष्टच्या पुरात कंपनीचं नदीकाठचं गोदाम गेलं. त्याबरोबर त्याचे सगळे पडदे गेले, आणि त्यानंतर कंपनीही फार दिवस टिकली नाही. मी मुलींना गाणं शिकवू लागले. मुनव्वर दुकानांच्या पाट्या रंगवू लागला, पण पाटीवरही त्याचा हात आवरत नसे. एका पिठाच्या गिरणीच्या पाटीवर त्याने अक्षरांमागे सूर्योदय काढला. गिरणीवाला म्हणाला, "आम्ही गहू दळतो. सूर्य पुसा."

त्याच्या मेहुण्याचं, अल्लाबक्षचं, पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान होतं. गल्ल्यावर बसायला या, असं तो मनापासून म्हणत असे. मुनव्वर टाळत राहिला. शेवटी त्याने बायकोला, कमरजहांला, शब्द दिला, की ईदपर्यंत चित्राचं धड काम मिळालं नाही तर दुकानात बसेन. हे कमरजहांनेच मला सांगितलं. शब्द मिळाल्याचा आनंद तिच्या तोंडावर काही दिसला नाही.

त्याच सुमारास माझ्या बाहेरच्या खोलीत मैना राहत होती, वारज्याच्या सोनबा बराट्यांची मुलगी. वारजे तेव्हा खेडं होतं, बस मिळायची मारामार. म्हणून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी ही पोर आठवडाभर माझ्याकडे राही. सोनबा मंडईत माल घेऊन आले की दारात मेथीची जुडी ठेवून जात.

मैनाने एक शोधनिबंध लिहिला होता. खडकवासल्याच्या पाण्याकडेला कातळावर पावसाळा सरताना एक इवलं निळं फूल येतं. पुस्तकांत त्याच्या पाचही पाकळ्या सारख्या सांगितलेल्या. मैनाला सापडलेल्या फुलांत खालची पाकळी आखूड होती आणि तिच्या कडेला बारीक लव होती. सगळा निबंध त्या पाकळीवर उभा होता. परगावच्या एका जर्नलने तो परत पाठवला. मजकूर चांगला आहे, पण आकृत्या छापण्याजोग्या नाहीत. नव्या काढून, सूचनांप्रमाणे हस्तलिखित तयार करून पाठवा, मग विचार करू.

आकृत्या तिनेच काढल्या होत्या. मी बघितल्या. "हे फूल आहे का चुरगळलेला रुमाल?" मी विचारलं.

"मावशी, मला फूल ओळखता येतं. काढता येत नाही."

"मग काढणारा मी आणते."

मुनव्वर आला, चहा घेतला, आणि मैनाने त्याला जर्नलच्या सूचना मराठीत करून वाचून दाखवल्या. जाड पांढरा कागद, काळी शाई. राखाडी रंग नको, सावली दाखवायची असेल तर ठिपक्यांनी. छापताना आकृती एक तृतीयांश होईल, हे ध्यानात घेऊन रेघ काढावी.

"रंग नाही?" मुनव्वरने विचारलं.

"नाही, चाचा."

"मागे एखादा डोंगर?"

"नाही."

"मग लोक बघणार काय?"

"पाकळी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. कसलं काम आणलंत, असा त्या नजरेचा अर्थ होता. पण ईद जवळ येत होती. तो हो म्हणाला.

फूल बघायला रविवारी आम्ही खडकवासल्याला गेलो. वाटेत सोनबाही आले. मुनव्वर कातळावर पालथा पडला आणि फुलाजवळ नाक नेऊन बघत राहिला. सोनबा उभे राहून त्याच्याकडे बघत होते.

"ह्येच्यापायी एवढा खटाटोप?" ते म्हणाले. "ह्ये तर आमच्या बांधावर बी हाय. म्हशी तोंड लावत न्हाईत."

"म्हशींनी लावलं नाही म्हणून तर उरलंय, आबा," मैना म्हणाली.

"आन् कालेज ह्येचा पगार देतं व्हय?"

"देतं."

"चांगलं हाय," सोनबा म्हणाले आणि तंबाखू मळायला बसले.

समोर धरणाचं पाणी पसरलं होतं. याच बाजूचं पाणी पुराच्या वर्षी मुनव्वरचे पडदे घेऊन गेलं होतं. मुनव्वरने मान वर करून एकदा तिकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, जन्मभर जंगलं रंगवली. जंगलात आज पहिल्यांदा आलो." आणि पुन्हा फुलात डोकं घातलं.

पहिलं चित्र घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. चित्र होतंच तसं. माझ्या तोंडून वाहवा गेली. मैना मात्र भिंग घेऊन चित्रावर वाकली.

"चाचा, आखूड पाकळी कुठंय?"

"ती नीट केली. बिचारीचं वाढायचं राहून गेलं होतं."

मैना खुर्चीत बसली. "तुम्ही माझा सगळा निबंध पुसून टाकलात."

त्याला ते लागलं. "मैनाबाई, मागच्या रांगेतून एक पाकळी आखूड दिसली, तर लोक फुलाला नावं ठेवत नाहीत. पेंटरला ठेवतात."

तो चित्र गुंडाळून गेला. तो परत येईल की नाही, याची मला खात्री नव्हती.

इकडे घरात भाड्याच्या टाइपरायटरचा खडखडाट चालू होता. कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत दुप्पट जागा सोडून, चारी बाजूंनी समास ठेवून मैना सगळं पुन्हा टाइप करत होती. फुलझाडांच्या लॅटिन नावांखाली रेघ ओढायची, म्हणजे छापखान्यात ती तिरक्या अक्षरांत लागतात, हे मी तेव्हा शिकले. संध्याकाळी मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि ती टाइप केलेली ताडून बघायची. इंग्रजी मला वाचता येई, फारसं कळत नसे, पण लॅटिन नावं मी नांदीच्या थाटात म्हणत असे. "मावशी, तान नको," मैना म्हणायची. "स्वल्पविराम कुठंय तेवढं सांगा."

शेवटी मुनव्वर आला. दुसरं चित्र आणलं. पाकळी आता आखूड होती, पण रेघा दोरखंडासारख्या जाड आणि लव केरसुणीसारखी.

"छापताना लहान होणार ना? मग आधी मोठंच पाहिजे," तो म्हणाला. मैनाला ते पटेना, पण नाही कसं म्हणायचं तेही कळेना. छापल्यावर कसं दिसेल, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"थिएटरात जाऊन मागच्या रांगेतून बघू," मुनव्वर म्हणाला.

थिएटरचे रखवालदार दत्तोबा ओळखीचे होते, त्यांनी दुपारी ते उघडून दिलं. मैना पुढच्या रांगेत बसली आणि मी रंगमंचाच्या मधोमध चित्र छातीशी धरून उभी राहिले. कितीतरी दिवसांनी त्या फळ्यांवर पाय ठेवला, तोही मुक्या भूमिकेत. मुनव्वर एकेक रांग मागे सरकत होता.

"बाई, हात हलतोय."

"पन्नाशी उलटली, पेंटर. हलणारच."

"मग श्वास रोखा."

"अहो, तीन अंकी नाटकात रोखला नाही तेवढा रोखलाय."

तो शेवटच्या रांगेत पोचला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"काळा डाग." तिथेच एका खुर्चीत तो बसला. "जमणार नाही, बाई. मी अल्लाबक्षकडे जातो. ट्रंकेवर पाकळ्या नसतात."

मैना उठून त्याच्याकडे गेली. रिकाम्या थिएटरात तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"चाचा, तुम्ही इतक्या मागे आलात कशाला? जर्नल वाचणारा टेबलाशी बसलेला असतो. चित्र त्याच्या हातात असतं."

"आणि त्याच्या मागचे?"

"मागे कुणी नसतं."

मुनव्वरने समोरच्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "म्हणजे या खेळाला मागची रांगच नाही?"

"नाही. एकच रांग आणि तीत एकच खुर्ची."

"आणि त्या खुर्चीतल्याला सगळं दिसतं?"

"सगळं. म्हणून तर त्याच्यापुढे काही सुधारायचं नसतं."

तो उठला आणि सरळ चालत रंगमंचावर आला. "एक तृतीयांश म्हणजे किती लांबून बघायचं?"

"हातभर अंतरावरून वाचत असाल, तर तीन हात लांबून बघा," मैना म्हणाली.

तो माझ्यापुढे तीन हातांवर उभा राहिला आणि डोळे बारीक केले. इतक्या जवळून त्याने स्वतःचं काम कधी तपासलं नसावं. "लव एकमेकींत मिसळते. निम्मी काढून टाकायची. कडेची रेघ बारीक करायची. सावलीचे ठिपके दूर दूर टाकायचे." तो माझ्याशी बोलतच नव्हता. मी श्वास सोडला, तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

तिसरं चित्र त्याने ब्रश बाजूला ठेवून निबने काढलं. ते पुरं होईपर्यंत कमरजहांने घरात कुणाला त्याच्या मेजाजवळ फिरकू दिलं नाही. चित्र आलं तेव्हा मैनाने भिंग घेऊन पाकळी बघितली, मग लव बघितली, मग भिंग खाली ठेवलं आणि मुनव्वरच्या पाया पडली. तो गडबडून मागे सरला.

टपालात चित्र दुमडू नये म्हणून अल्लाबक्षने दुकानातला पातळ पत्रा मापाने कापून दिला, कडा घासून बोथट करून दिल्या. "चित्र नापास झालं तरी पत्रा परत पाठवणार नाहीत," तो म्हणाला. "घ्या, माझ्याकडून."

ईदच्या आधी उत्तर आलं. निबंध स्वीकारला होता. आकृती उत्तम आहे, असं संपादकांनी लिहिलं होतं, आणि ती काढणाऱ्याचा पत्ता मागवला होता, कारण आणखी एका लेखकाला अशाच आकृत्या हव्या होत्या. मैना चप्पल न घालता भवानी पेठेपर्यंत गेली.

पुढे जर्नलचा अंक आला, तेव्हा सगळे माझ्याकडे जमले. सोनबा मेथीसकट. माझ्या मागे उभा राहिलेला धबधबा मी बघितला होता, आणि आता हे काडेपेटीएवढं फूल बघत होते. पाकळी आखूड होती. लव सुटी सुटी दिसत होती. मुनव्वरने अंक हातभर अंतरावर धरला, नुसता बघत राहिला. निबंधाच्या शेवटी आभारात त्याचं नाव होतं. मैनाने त्यावर बोट ठेवून ते कमरजहांला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्हा वाच."

मी टाळी वाजवली. इतक्या वर्षांत त्याला पहिली टाळी माझ्याकडून कधी गेली नव्हती.

सोनबांनी अंक उलटासुलटा करून फूल बघितलं. "आता म्हशींस्नी दावतो," ते म्हणाले.

मुनव्वर दुकानात बसला नाही. पुढची वीसेक वर्षं त्याच्या घरी प्राध्यापक फुलं, शंख, किडे, मडक्यांचे तुकडे घेऊन येत राहिले. दारावर त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती, सूर्योदय न काढलेली: "येथे शास्त्रीय आकृत्या काढून मिळतील. फुलात सुधारणा करून मिळणार नाही."