शेजारचे कारकून आणि क्वारंटीन

बुधवार पेठेत आमच्या शेजारी वकिलांकडचे एक कारकून राहत. त्यांना इंग्रजी शब्द विचारला की ते टोपी काढून मांडीवर ठेवत, जाड कोश उघडत आणि शेवटच्या अर्थापर्यंत वाचल्याशिवाय सोडत नसत. "बस की आता!" असं त्यांची बायको आतून ओरडायची.

आमचे हे आफ्रिकेत मोंबासाला नोकरी करून परत निघाले होते. जहाज मुंबईला लागलं, पण कुणाला उतरू देईनात. तसं बोट कंपनीचं इंग्रजी कार्ड आलं, त्यात 'क्वारंटीन' होतं. मी दाराआडून कारकुनांना अर्थ विचारला.

"मूळ इटलीकडचा शब्द, वहिनी. चाळीस. साथीच्या भीतीनं जहाज चाळीस दिवस बाहेर ठेवायचे. आता दिवस कमी झाले, नाव तेच राहिलं." पुढच्या ओळीवर त्यांची नजर थांबली. त्यांनी कोश मिटला. "एवढंच."

"आज लवकर सुटलात हो वहिनी!" त्यांची बायको हसली.

हे सुखरूप घरी आल्यावर मी धीर करून कारकुनांना राहिलेली ओळ विचारली.

"विलायतेच्या जुन्या कायद्यात नवरा गेल्यावर बाईला त्याच्या घरात चाळीस दिवस राहू देत," ते खाली बघत म्हणाले. "त्यालाही हाच शब्द. पण त्या दिवशी ती ओळ कोशात नव्हती, असं समजा."