शिवाजीरावांच्या घड्याळावरचा गंज

देवासला देवींच्या टेकडीवर पुजाऱ्याने प्रसादाचा पेढा हातावर ठेवला, तरी हंबीरराव जगताप तो आधी नाकाशी नेतात. दुधाचा थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते पाहतात. गॅसची टाकी आली की घरच्या काट्यावर तोलतात. नात्यातल्या लग्नाची पत्रिका आली, तरी 'यांना आत्ताच बरी आपली आठवण झाली' असं म्हणत ती उलटसुलट करून बघतात. शेजारी 'भैया'चं माळवी 'भिया' करून म्हणतात, "भिया, जगतापसाहेबांच्या घरात आरसासुद्धा घाबरून राहतो."

त्यात सगळा दोष त्यांचा नाही. चौतीस वर्षं त्यांनी देवासच्या नोटांच्या कारखान्यात छापील कागद तपासले. प्रखर दिव्याखाली बसायचं, खोट शोधायची, सापडली की कागद बाजूला काढायचा. चांगल्या कागदाकडे दुसऱ्यांदा बघायचं कारणच नसे. संध्याकाळी सुटी झाली की फाटकावर त्यांची स्वतःची झडती व्हायची, डब्यापासून मोज्यांपर्यंत. ज्याची रोज झडती होते, त्याला दुसऱ्याची घ्यायला संकोच वाटत नाही. निवृत्तीनंतर कागद सुटले, भिंग मात्र सुटलं नाही.

या माणसाला एकच शौक, मनगटी घड्याळांचा. पहिल्या पगारातून घेतलेल्या एचएमटीपासून सुरुवात झाली आणि हळूहळू अकरा घड्याळं जमली. त्यांच्यासाठी त्यांनी बारा खणांची सागवानी पेटी करून घेतली होती. रोज आंघोळ झाली की सोवळ्यात देवपूजा करावी तशी ते एकेकाला चावी देत. पेटीला कोणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पाटावर मांडून त्यांची पूजा व्हायची, तेव्हाही पत्नी माधवीबाईंनी हळदकुंकू लावायचं ते पेटीच्या झाकणावर. आतल्या घड्याळांना कुंकवाचा कणही लागलेला त्यांना खपत नसे.

बारावा खण रिकामा होता. तो असातसा भरायचा नाही, एकच घ्यायचं पण नाव घेण्यासारखं, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यासाठी एक ठेव मोडायची तयारीही केली होती. पण घड्याळं आली दोन.

पहिलं आलं धारहून. माधवीबाईंचे थोरले बंधू प्रतापराव, सरदारपूरच्या शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी देवासला आले. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून रुमालाची गाठ काढली. आत सोन्याची जुनी ओमेगा होती.

"दाजीसाहेब, हे आबासाहेबांचं," प्रतापराव म्हणाले. आबासाहेब म्हणजे शिवाजीराव, माधवीबाईंचे आणि त्यांचे वडील. धारच्या दरबारचा शिलेखाना, म्हणजे तलवारी-भाल्यांची कोठी, त्यांनी उभा जन्म सांभाळला होता, आणि घड्याळ त्या चाकरीची बक्षिसी होती. "आमच्या राजवीरला हे नको. म्हणतो, पापा, टाइम तो फोन में दिखता है. आणि माझा हात आता हलतो, चावी धरवत नाही. तुमच्याकडे राहिलं तर चालत राहील. क्या देना है, ते तुम्हीच ठरवा."

"लिहून काही? पावती वगैरे?"

"घरातल्या घरात कसली रसीद, भिया!" प्रतापराव मोठ्याने हसले आणि घड्याळ टेबलावर ठेवून दुपारच्या बसने निघूनही गेले.

झालं, हंबीररावांच्या डोक्यात भुंगा शिरला. इतकी भारी वस्तू पावती न घेता कोण टाकून जातं? भाव सांगितला नाही, तो का? राजवीरला नको, हे राजवीरने सांगितलं का प्रतापरावांनी? आणि हसले ते इतक्या मोठ्याने कशाला? माणूस मोठ्याने हसतो तेव्हा काहीतरी झाकत असतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

दुसरं घड्याळ इंदूरच्या एका दुकानात होतं. वापरलेली, पण नव्यासारखी रोलेक्स. दुकानदार हर्षित नावाचा तिशीतला तरुण. त्याने काचेखालून घड्याळ काढलं, खोका काढला, हमीपत्र काढलं, पहिल्या खरेदीचं बिल काढलं आणि घड्याळावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी बोट ठेवून जुळवून दाखवला.

"अंकलजी, पूरा सेट है. जहाँ चाहो चेक करा लो."

हंबीररावांना हेही आवडलं नाही. सगळंच बरोबर आहे, म्हणजे कुठंतरी नक्की चुकतंय. शिवाय 'जहाँ चाहो चेक करा लो' हे वाक्य तोच म्हणतो, ज्याने सगळीकडे आधीच सांगून ठेवलेलं असतं. ते देवासहून इंदूरला तीनदा बसने गेले. तिसऱ्या खेपेला हर्षितने स्वतःच त्यांच्यापुढे दिवा आणून ठेवला. त्याचाही त्यांना संशय आला.

देवासला एकाच गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती नि धाकटी पाती. त्या चालीवर माधवीबाईंनी घड्याळांची नावं ठेवली, धारचं ते थोरलं आणि इंदूरचं ते धाकटं. "टेकडीवर जातो तेव्हा दोन्ही मातांना नमस्कार करतो की आपण," त्या म्हणाल्या. "एकीची परीक्षा घेऊन दुसरीकडे जात नाही."

"देवी विकायला नसतात," हंबीरराव म्हणाले.

पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात खरेदी करायची नाही, म्हणजे तपासायला पंधरा दिवस मोकळे. हंबीररावांनी धारचं घड्याळ दिव्याखाली घेतलं. मागचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला सोन्याचा शिक्का होता, पण शिक्का मारायला ठसा लागतो, सोनं लागत नाही. सराफाकडे कसाला लावायचं, तर आधी सराफावर भरवसा हवा. आत यंत्र लख्ख होतं, ठोका एकसारखा पडत होता. एवढं जुनं घड्याळ इतकं चांगलं कसं चालतं, म्हणून त्यांनी कपाळाला आठी घातली आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलं.

पंचमीच्या दिवशी त्यांना हवं होतं ते सापडलं. झाकण जिथं बसतं त्या बारीक खाचेत, सगळ्या गोलाईत, तांबूस तपकिरी काहीतरी घट्ट बसलेलं होतं. त्यांनी दात कोरायच्या काडीने ते हलकेच उकरलं. कागदावर कण पडले. भिंगाखाली पाहिलं आणि चौतीस वर्षांचं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं.

"माधवी, इकडे ये. हे बघ. गंज."

माधवीबाई पदराला हात पुशीत आल्या आणि कागदावर वाकल्या.

"सोन्याला गंज चढत नाही," हंबीरराव शिकवणी घेतल्यासारखे म्हणाले. "गंज आहे म्हणजे आत पोलाद आहे. वर नुसता मुलामा. आता एक तर तुझ्या आबासाहेबांना कोणी फसवलं असेल, नाहीतर तुझे दादासाहेब मला फसवताहेत. तिसरं काही असू शकत नाही."

माधवीबाई बराच वेळ त्या कणांकडे बघत राहिल्या. त्यांनी एक कण बोटाच्या टोकाला घेतला आणि पुन्हा कागदावर ठेवला.

"गंजच आहे म्हणता?"

"गंजच."

"तुमची खात्री आहे?"

"अगं, हेच तर केलं जन्मभर."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पोळ्या करायला आत गेल्या.

हंबीररावांनी राहिलेली खाचही कोरून स्वच्छ केली. पुरावा टाकायचा नाही, ही कारखान्यातली सवय. कणांची पुडी बांधून त्यांनी वर लिहिलं, 'धार, गंज, भाद्रपद वद्य पंचमी', आणि ती टेबलाच्या खणात ठेवली. मग प्रतापरावांना फोन केला. गोड बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण शेवटी जे बोलायचं तेच बोलले.

"ठीक आहे, दाजीसाहेब," प्रतापराव म्हणाले. "माधवी तिथीला येते आहेच. तिच्याबरोबर पाठवा."

तिथी आबासाहेबांचीच होती. द्वादशीला माधवीबाई वडिलांच्या श्राद्धासाठी धारला गेल्या आणि वडिलांचं खोटं ठरलेलं घड्याळ त्याच रुमालात बांधून परत घेऊन गेल्या. बसमध्ये त्यांनी ती गाठ मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. घरी परत आल्यावर त्यांनी माहेरचा विषय काढला नाही, आणि हंबीररावांनीही विचारलं नाही.

घटस्थापनेला हंबीररावांनी रोलेक्स आणली. आणल्यावरही आठ दिवस ती तपासली, आणखी दोघांना दाखवली. घड्याळ अस्सल निघालं. हर्षितने एक शब्द खोटा सांगितला नव्हता. बारावा खण भरला, पेटीचं झाकण बंद झालं, आणि हंबीररावांना का कोण जाणे, म्हणावा तसा आनंद झाला नाही. आता शोधायला काही उरलं नाही म्हणून असेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

मग आली खंडेनवमी. पाटावर आडकित्ता, विळी, पाने-पक्कड आणि झेंडूची फुलं मांडून झाली. हंबीरराव सोवळं नेसून बाहेर येतात तो काय, पेटी उघडी आणि रोलेक्स पाटावर पालथी पडलेली. माधवीबाईंनी करंगळीशेजारचं बोट तेलात बुडवलं, हळदीत टेकवलं, कुंकवात टेकवलं आणि घड्याळाच्या पाठीवर चांगलं दाबून ओढलं.

"अगं! हे काय केलंस? वेड लागलं का तुला?"

त्यांनी झडप घालून घड्याळ उचललं. कपड्याने पुसलं. पाठ स्वच्छ झाली, पण झाकणाच्या खाचेत लाल रेघ राहिली. ती कपड्याने निघेना. सवयीने त्यांचा हात भिंगाकडे गेला. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि तसेच उभे राहिले.

तेलात कालवलेलं हळदकुंकू खाचेत बसलं होतं. नवं होतं म्हणून लाल होतं, इतकंच. जुनं झालं की ते कोणत्या रंगाचं होईल, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

"धारला पाटावर मधोमध आबासाहेबांची तलवार असायची," माधवीबाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या शेजारी हे घड्याळ. ते म्हणायचे, दोन्ही माझ्या चाकरीची हत्यारं. आणि कुंकू लावायचा मान माझा. सहा वर्षांची होते मी. मला वाटायचं, जास्त लावलं की जास्त पुण्य. बोट भरभरून लावायची. लग्न होईपर्यंत दर वर्षी."

हंबीररावांनी भिंग खाली ठेवलं. "मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"तुम्ही मला विचारलंत कुठं? तुम्ही मला गंज दाखवायला बोलावलंत." त्यांनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं. "दोनदा विचारलं मी, गंजच आहे का म्हणून. वाटलं, ही त्या घरात वाढली, हिला काही ठाऊक असेल, असं एकदा तरी तुमच्या मनात येईल. छत्तीस वर्षं झाली, अहो. एक गोष्ट तरी माझ्या शब्दावर घेतली असतीत."

हंबीररावांनी टेबलाचा खण उघडला. पुडी सोडली. बोट ओलं करून कणांवर टेकवलं. गंज विरघळत नाही. हे विरघळलं, आणि त्यांच्या बोटावर फिकट लाल डाग उमटला. सहा वर्षांच्या मुलीच्या बोटाने लावलेलं, बापाने जन्मभर न पुसलेलं कुंकू त्यांनी दात कोरायच्या काडीने उकरून काढलं होतं आणि वर तारीख घातली होती. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. माधवीबाईंनी पुडी त्यांच्या हातातून घेतली, उरलेले कण आपल्या कुंकवाच्या करंड्यात झटकले आणि करंडा बंद केला.

दुसऱ्या दिवशी दसरा. पहाटेच्या बसने दोघं धारला गेली. वाटेत हंबीररावांनी बोलायची वाक्यं दहादा जुळवली आणि मोडली. प्रतापरावांच्या ओसरीवर पोचले तेव्हा त्यातलं एकही आठवेना.

"दादासाहेब, चुकलो मी," एवढंच ते म्हणाले. "ते घड्याळ... तुम्ही म्हणाल त्या किमतीला..."

"ते आता देणं नाही, दाजीसाहेब," प्रतापराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच हंबीररावांना ते जास्त लागलं. "आता द्यायचं म्हटलं तर मलाच पावती लिहावी लागेल."

मग त्यांनी देवापुढच्या तबकातली आपट्याची पानं उचलली. हात हलत होता, पानंही हलत होती. गावोगाव आज हेच चाललं होतं, झाडाचं पान पुढे करायचं, सोनं म्हणायचं, आणि घेणाऱ्याने सोनं म्हणूनच घ्यायचं.

"घ्या सोनं," प्रतापराव म्हणाले. "तपासायचं असेल तर ओसरीत उजेड बरा आहे."

हंबीररावांनी दोन्ही हातांनी पान घेतलं, कपाळाला लावलं आणि खिशात ठेवलं. मान वर करायचं धाडस झालं नाही.

आत पाटावर तलवारीशेजारी घड्याळ होतं. कालच्या पूजेचं कुंकू त्याच्यावर होतं, पण काटे थांबलेले होते. प्रतापरावांनी ते उचलून मेहुण्यापुढे धरलं.

"एवढी चावी देऊन जा. माझ्याच्यानं होत नाही."

हंबीरराव पाटासमोर मांडी घालून बसले. त्यांनी हळूहळू, मोजून चावी दिली, घड्याळ कानाला लावलं, काटे लावले. माधवीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. भिंग हंबीररावांच्या सदऱ्याच्या खिशात होतं, आपट्याच्या पानाला टेकलेलं. त्यांनी घड्याळ उलटं केलं नाही. होतं तसं ते तलवारीशेजारी ठेवलं.

"दर रविवारी येत जाईन चावी द्यायला," ते म्हणाले.

"रोज द्यावी लागते," प्रतापराव म्हणाले.