परवानगीत अडकलेले खिळे

मानिक चौकातल्या माझ्या छापखान्यात एक कॅथलिक फादर यायचे. त्यांच्या धर्मसंघाचं हिंदी मासिक मी छापायचो. झाशीत इतकं डोकं दुसऱ्या कुणी खाल्लं नसेल.

त्या संघात वरिष्ठांच्या लेखी परवानगीवाचून एक ओळही छापायची नाही. प्रुफं रेल्वेनं जायची आणि तिकडेच मुक्काम ठोकायची. इकडे माझे अक्षरांचे शिशाचे खिळे सुतळीनं बांधलेल्या, जुळवून ठेवलेल्या पानांत अडकलेले. फादर रोज येऊन त्या पानांवरची धूळ फुंकायचे आणि हसून म्हणायचे, "आज की डाक में भी नहीं आई, भैया."

त्या वर्षी माझ्याच मुलीचं लग्न ठरलं आणि पत्रिका जुळवायला पुरेसे खिळे नाहीत! मी भडकलो. "फादरजी, जिसने ये लेख लिखा है, उससे कहिए, खुद जाकर परवानगी ले आए!"

"मैंने ही लिखा है," ते म्हणाले. लेखाखाली नाव नव्हतं. तीही त्यांची पद्धत.

तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं: लेख छापू नये. फादरांनी झग्याच्या बाह्या वर सारल्या, सुतळी सोडली आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात टाकायला लागले. रोज पाहून त्यांना खण पाठ झाले होते.

"गुस्सा नहीं आता?" मी विचारलं.

"अक्षर आपके थे, अनुमति उनकी. मेरा क्या था?"

पत्रिका वेळेवर निघाली. त्यांच्या वाटणीचा रागही मलाच आला. लेख चांगला होता हो. जुळवताना मी वाचला होता.