कात्रीबाईंचा फुगणारा तारा

कात्रीबाई हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनीच ठेवलं होतं आणि ते त्यांच्या कानावरही आलं होतं. क्ष-किरण टिपणाऱ्या अवकाश दुर्बिणीची निरीक्षणं साफ करणं हे बाईंचं काम. सूर्य खवळला की त्याचे कण दुर्बिणीवर आदळतात, आकडे एकदम चढतात. तेवढा वेळ कापून टाकायचा. “शंका आली की काप,” हा त्यांचा खाक्या. कुणी कुरकुर केली तर त्या चष्म्यावरून नुसत्या बघायच्या.

त्यांचा जीव मात्र एका ताऱ्यात अडकला होता. ठरावीक काळाने फुगणारा, पुन्हा आकसणारा तारा. मागे एकदा तो पुरता फुगल्यावर त्याचे क्ष-किरण वाढलेले दिसले. बाई म्हणाल्या, हे त्याच्याच वरच्या वातावरणातल्या तापलेल्या वायूचं काम. बाकीचे म्हणाले, छे, शेजारी लपलेल्या छोट्या ताऱ्याचा तो चुकार भडका. पुन्हा नेमक्या त्याच अवस्थेत वाढ दिसली, तर बाई खऱ्या. निवृत्तीआधी दुर्बीण त्या ताऱ्याकडे वळवायची ही एकच संधी उरली होती.

सकाळी डबा हातात देताना नवऱ्याने विचारलंच, “आज तुझ्या लाडक्याचा निकाल ना?”

“लागू दे. जो लागेल तो.”

आलेख सपाट निघाला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या सहकाऱ्याने तो पुढ्यात ठेवला आणि मान खाली घातली. बाईंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. चहा तसाच गार झाला. आपलं म्हणणं मागे घेते असं कळवायला त्या बसल्या आणि जाता जाता आलेखावर पुन्हा नजर टाकली. मध्ये एक फट होती, तारा पुरता फुगतो नेमकी तिथे.

“इथलं कुठे गेलं?”

“कापलं, मॅडम. आकडे चढले होते. शंका आली.”

“तेवढ्या वेळाचं मूळ चित्र काढ बघू.”

सूर्याचा उपद्व्याप असता तर अख्खं चित्र उजळलं असतं. कोपरे काळेकुट्ट होते. उजळला होता फक्त तारा.

सहकारी ओशाळला. “चुकलंच माझं.”

“तुझं कसलं डोंबलाचं चुकलं? माझंच तर ऐकलंस.” बाई हसल्या, पदराने डोळे टिपले. नवऱ्याला कळवायला त्यांनी फोन उचलला आणि तो तसाच हातात राहिला.

“असे फुगणारे बाकीचे तारे आपण बघितले होते, त्यांचं काय?”

“त्यांत काहीच नव्हतं, मॅडम. सगळे सपाट.”

“साफ कुणी केले होते?”

“आपणच, मॅडम. त्याच नियमाने.” बाईंनी फोन खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

“उघड,” त्या म्हणाल्या, “पहिल्यापासून.”