रविवारचा कलप

एक अत्यंत गंभीर गोष्ट आज जाहीर करते. आमच्या बाहेरच्या खोलीत कुटुंबाचा जो फोटो लावलेला आहे, त्यात नाकापर्यंत पदर ओढून बसलेली बाई मीच आहे. ती आमची गावाकडची मोलकरीण नाही, सुतकात असलेली लांबची आत्या नाही, आणि फोटोवाल्यानं चुकून पकडलेली रस्त्यावरची बाई तर मुळीच नाही. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "ह्या कोण हो?" आणि आमचे हे "ती एक मोठी हकिकत आहे" असं म्हणून चहाची बशी तोंडाला लावतात. (बशीमागे हसतात. मला दिसतं.) तेव्हा ती हकिकत आता मीच सांगून टाकते.

सुरुवात हौसाबाईनं केली. हौसाबाई म्हणजे पिंपळे सौदागरहून आमच्याकडे दूध घालायला येणारी बाई. आम्ही नुकतेच पिंपरीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो, त्यामुळे तिला आमची नाती ठाऊक नव्हती. त्या सकाळी हे दाराशी दाढी करत बसले होते. ह्यांचं वय सत्तेचाळीस, माझं बेचाळीस. पण ह्यांच्या डोक्यावर औषधालाही पांढरा केस नव्हता, आणि माझ्या भांगाच्या दोन्ही बाजूंना कोणी रांगोळीची बोटं पुसल्यासारखं झालं होतं. हौसाबाईनं ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुधाचं माप पातेल्यात रिकामं करत विचारलं,

"बाई, ह्ये धाकलं भाऊ व्हय तुमचं?"

"मालक आहेत!"

"व्हय? आन् मग त्यांची केसं कशी काय काळी?"

जणू ह्यांनीच काहीतरी लबाडी केली होती!

ह्यांना इतका आनंद झाला की गाल कापला. पुढचे चार दिवस हे मला "ताई" म्हणत होते. "ताई, चहा झाला का?" "ताई, माझी टोपी कुठं आहे?" मी मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले आणि उघडपणे पोळ्या भाजल्या.

एरवी मी ते विसरूनही गेले असते. पण त्याच आठवड्यात आमच्या लेकीचं, कुमुदचं लग्न ठरलं, नागपूरला. मामंजी (म्हणजे माझे सासरे) म्हणाले, "पोरगी लांब चालली. जाण्याआधी सगळ्यांचा एक फोटो निघू दे. एक प्रत ती सासरी नेईल, एक इथं राहील." पुण्याहून फोटोवाला येणार, रविवार सकाळ ठरली. सगळे खूश झाले आणि माझी झोप उडाली. माझा आयुष्यात तोवर एकच फोटो निघाला होता, माझ्या लग्नातला, आणि त्यात मी नेमकी शिंकले होते. आता हा दुसरा! नागपूरची माणसं भिंतीवर मला रोज बघणार, आणि मी दिसणार कशी, तर कुमुदच्या बापाची थोरली बहीण!

सांगायची सोय नव्हती, कारण घरात सासूबाई होत्या. नटण्याच्या बाबतीत सासूबाईंचे नियम कारखान्याच्या भोंग्यासारखे होते. एकदा वाजले की वाजले. विशीत वेणीत फूल चालेल. तिशीत फूल फक्त सणाला. लेक लग्नाला आली की आईनं कुंकू, बांगड्या आणि खोबरेल तेल एवढ्यावर भागवायचं. एकदा मी शेजारच्या बारशाला जाताना तोंडाला थोडी पावडर लावली, तर म्हणाल्या, "गिरणीत दळण उडालं का गं अंगावर?" दुसऱ्यांदा लावली, तर नुसता ओला पंचा आणून हातात दिला. अशा बाईच्या घरात मी केस रंगवायचे ठरवले होते!

मी पुण्याला जाऊन कलपाची बाटली आणली. दुकानदाराला म्हटलं, "ह्यांच्यासाठी हवाय."

"हो हो," तो न बघता म्हणाला, "सगळ्या बायका नवऱ्यासाठीच नेतात."

बाटलीबरोबर एक कागद होता. त्यात लिहिलं होतं, 'लावल्यावर अर्ध्या तासाने डोके स्वच्छ धुवावे. धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नये.' मी तो तीनदा वाचला आणि शेगडीत टाकला. पुरावा नको!

बेत शुक्रवारचा होता. आमच्याकडे सवाष्णीचं न्हाणं शुक्रवारी. सोमवारी न्हायलं तर माहेरावर संकट, शनिवारी नवऱ्यावर, रविवारी कोणावर ते सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, पण कोणावर तरी होतंच. म्हणजे कलप लावायचा तो शुक्रवारीच. पण त्या शुक्रवारी सासूबाई घरातून हलायला तयार नाहीत! लाडू वळत ठाण मांडून बसल्या. शनिवारी करंज्या. रविवारी उजाडलं तेव्हा माझं डोकं पांढरं, बाटली भरलेली, आणि फोटोवाला नवाच्या गाडीनं येणार.

देवाला माझी दया आली. सासूबाई आणि मामंजी सकाळी चिंचवडला गणपतीच्या दर्शनाला गेले, हे फोटोवाल्याला आणायला स्टेशनवर गेले. मी मोरीचं दार लावलं आणि बाटली उघडली.

आत पाणी! अगदी स्वच्छ, बिनरंगाचं पाणी. डोक्याला दहा थेंब लावले, काही नाही. वीस लावले, काही नाही. फसवलं मेल्यानं, असं म्हणून मी बाटली डोक्यावर उलटी केली. कपाळावरून ओघळ आले, कानांवरून आले, मानेत गेले. आणि तेवढ्यात दाराशी मामंजींचा खोकला! आता धुवायचं कसं? रविवारी सवाष्णीचे केस ओले दिसले असते, तर फोटोच्या आधी माझीच पूजा झाली असती. म्हटलं, नुसतं पाणी तर आहे! दोरीवर मामंजींचा पंचा होता, त्यानं डोकं-कपाळ खसाखसा पुसलं, पंचा परत दोरीवर टाकला, तोंडाला पावडर लावली (आज म्हटलं होऊन जाऊ दे!) आणि बाहेर आले. पाठोपाठ मामंजी मोरीत गेले, पाय धुतले, आणि बाहेरून आल्यावर नेहमी पुसतात तसं त्याच पंच्यानं आपलं टक्कल लखलखीत पुसून आले.

सासूबाईंनी माझी पावडर पाहिली. ओठ हलले, पण फोटोवाला दारात उभा होता.

फोटोवाला म्हणजे एक किडकिडीत, वाकलेला माणूस. तीन पायांच्या तिकटीवरचा कॅमेरा, वर काळं कापड, आणि बोलणं सगळं हुकमी. "खोलीत नको, उजेड नाही. मैदानात खुर्च्या मांडा. तोंडावर ऊन पाहिजे!"

खुर्च्या मांडल्या. मधे मामंजी आणि सासूबाई, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मी, मागे कुमुद. मामंजींनी उकाड्यामुळे टोपी काढून मांडीवर ठेवली. "दाबायच्या वेळी सांगा, घालीन." फोटो म्हटल्यावर क्वार्टरमधली सगळी मंडळी गोळा झाली. हौसाबाईही दुधाची रिकामी चरवी घेऊन पुढेच उभी.

फोटोवाला कापडात शिरला. बाहेर आला. भिंग पुसलं. पुन्हा शिरला.

"डावीकडच्या बाई, तुमच्या कपाळावर झाडाची सावली येते. जरा पुढे या."

आम्ही खुर्च्या उचलून पुढे आलो. मला गंमत वाटली, कारण कुमुद माझ्याकडे वाकून बघत होती. ह्यांनीही बघितलं. मग पुन्हा बघितलं. बावीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे एका मिनिटात दोनदा कधी पाहिलं नव्हतं! मी मान जरा कलती केली. म्हटलं, पावडर कामाला आली.

"बाई, सावली अजून आहेच. वाढली. अजून उन्हात या."

अजून उन्हात! सगळं कुटुंब खुर्च्यांसह मैदानाच्या मध्यावर. आसपास झाड नाही, खांब नाही, आभाळात ढग नाही. समोरच्या गर्दीत कुजबुज चालली होती. मी म्हटलं, माझंच कौतुक चाललंय. एक बाई तोंडाला पदर लावून पाहत होती. जळते मेली, असं मी मनाशी म्हटलं आणि गालात हसले.

"अहो, सावली तर काळीकुट्ट झाली!" फोटोवाला कापडातूनच ओरडला. "येते कुठून?"

तेवढ्यात हौसाबाईनं चरवी खाली आपटली.

"आगं बया! म्हाताऱ्याच्या टकलावर केसं उगवली!"

सगळ्यांच्या माना मामंजींकडे. त्यांच्या गुळगुळीत टाळूवर काळे पट्टे उमटले होते, अगदी पंचा फिरला तसे, गोल गोल. मामंजींनी हात फिरवून पाहिला. "केस? कुठं? लागत नाहीत हाताला."

"आई," कुमुद हळूच म्हणाली, "तुझं कपाळपण."

ह्यांनी खिशातला दाढीचा छोटा आरसा काढून माझ्यापुढे धरला. (कापलेला गाल बघायला सोबत ठेवत होते.) पावडरीच्या पांढऱ्या मैदानात भांगापासून भुवईपर्यंत काळे ओघळ, दोन्ही कान कोळशाचे, मानेवर पट्टे. केस मात्र झकास काळे झाले होते, हे कबूल केलं पाहिजे. पण ते कुठं संपतात आणि मी कुठं सुरू होते, हे कळत नव्हतं.

"हे काय लावलंस?" ह्यांनी विचारलं.

"कलप," मी म्हटलं. हळू म्हटलं, पण मैदानात सगळीकडे गेलं. "धुवायला हवा होता. पण रविवार..."

"उन्हानं काळा पडणारा कलप आहे तो," फोटोवाला कापडातून डोकं काढून म्हणाला. त्याचा चेहरा एकदम खुलला होता. "आमच्या फोटोच्या कागदावर लावतात ना, तीच जात! बाई, मी अजून झाकण उघडलं नाही आणि तुमचा फोटो निघालासुद्धा!"

सगळे हसले. मला रडू यायला लागलं. मी साबण आणायला उठले, तर तो म्हणाला, "साबणानं काही होत नाही, चामडी नवी येईल तेव्हाच जाईल. आणि मला अकराची गाडी गाठायची आहे."

"तुम्ही बसा," मी ह्यांना म्हटलं. "माझ्याशिवाय काढा."

"मग मला नकोच फोटो," कुमुद म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आजोबांच्या डोक्यावर टोपी घाला. आणि तू इथं बस. काळी असलीस तरी बस."

मी बसले. पदर नाकापर्यंत ओढला. कुमुदनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात त्या फोटोत स्पष्ट आला आहे. माझं त्या फोटोत दाखवण्यासारखं तेवढंच आहे.

आता फक्त सासूबाईंची भीती होती. त्यांनी अजून एक शब्द काढला नव्हता. पावडर, कलप, रविवार, मामंजींचं टक्कल, एवढे गुन्हे एका बैठकीत! सगळ्यांना आता त्यांचंच ऐकायचं होतं. त्या तोंड उघडणार, तोच फोटोवाल्यानं हात वर केला.

"कोणी बोलायचं नाही! ओठ हलले की फोटो बिघडला!"

सासूबाईंनी ओठ मिटले. पदराआडून मला दिसत होतं, त्या समोर बघत नव्हत्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या माझ्या पदराबाहेर आलेल्या एका काळ्या कुळकुळीत बटेकडे बघत होत्या. फोटोवाला मोजत होता. एक. दोन. तीन. मला वाटलं, हे मोजणं संपूच नये.

"झालं!"

आणि सासूबाई सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्यावर कडाडल्या, "अगं उधळे, एवढं कपाळ रंगवून बसलीस, तेवढ्यात माझं अख्खं डोकं झालं असतं!"