बांधीतला गोल्फ

मंडळी, आज आंबागडच्या आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ खेळले. हसू नका.

आमचे हे फौजेत होते, तिथेच हा खेळ शिकले. रिटायर झाल्यावर धान कापून झालं की रिकाम्या शेतात खेळायचे. अख्ख्या गावात खेळणारे ते एकटेच. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहून चेंडू कुठे पडतो ते बघायची आणि कुरकुरत आणून द्यायची.

ते गेल्यानंतरचा हा पहिलाच हंगाम. सकाळी त्यांची स्टिक घेतली आणि जमेल तसा फटका मारला. चेंडू उडाला, पण कुठे पडला ते कळेचना.

शेजारच्या शेतातून सुमित्राबाई आल्या. "काय शोधून राहिली वो बाई?"

"ह्यांचा चेंडू."

"एकटीच खेळून राहिली?"

"हे म्हणत, हा खेळ एकट्यालेबी खेळता येते."

"ते कधी एकटे खेळले? तू होती ना संगं!"

दोघींनी शोधला, तेव्हा चेंडू सापडला. सुमित्राबाई कामाला गेल्या. मला मात्र दुसरा फटका मारावासा वाटला नाही.

तुमसर, नाकाडोंगरीकडे कोणी गोल्फ खेळतं का? येत नसला तरी या. मला तरी कुठे येतो?