अध्यक्षपदाचं गाऱ्हाणं

नवं सरकार आलं आणि यांचा फोन चार्जरवरून उतरेनासा झाला. मंत्री ठरले होते, पण महामंडळांच्या नेमणुका व्हायच्या होत्या, आणि जिल्ह्यातले निम्मे पुढारी गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. आमचे हे त्यांतलेच. एकदा पंचायत समितीवर निवडून आले, दोनदा पडले, बाकीचं आयुष्य दुसऱ्यांच्या सभांच्या सतरंज्या उचलण्यात गेलं. साठी उलटलेली. "या वेळी नाही तर कधीच नाही," म्हणायचे. कडक इस्त्रीचा शर्ट घालून रोज हातखंब्यावरून रत्नागिरी गाठायची आणि रेस्टहाऊसबाहेर साहेबांची वाट बघत उभं राहायचं. मला राग यायचा आणि जीवही तुटायचा, दोन्ही एकदम.

अट एकच: कुणाला कळता कामा नये. नाव आधी फुटलं की कापलं जातं, हा यांचा सिद्धांत.

तरीही ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. देवळात चिटपाखरू नसेल अशी मंगळवारची दुपार यांनी शोधून काढली. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, की मंगळवारी रेशन मिळतं आणि रेशनचं दुकान देवळाला लागूनच आहे. पण आमच्याकडे रेशन आणते मी.

"गाऱ्हाण्याला व्हय म्हणायला माणसं नकोत?" म्हणत गुरवकाकांनी पायरीवरून हाळी दिली. रेशनची अख्खी रांग पिशव्यांसकट देवळात आली. हे गुरवकाकांच्या कानाशी पुटपुटले, "मनातली इच्छा, एवढंच म्हणा."

"देवाला मोघम चालत नाय, भाऊ. काय तो सांगा."

यांनी कानातच सांगितलं. काकांनी विचारलं, "मंडळ कुठला?"

"कुठलंही चालेल हो!"

मग काका ताठ झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरानं नारळ ठेवलाय. त्येला मुंबईच्या सरकारात महामंडळाचा अध्यक्ष कर. कुठलाबी चालंल म्हणतोय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रांग गरजली.

यांचे कान लालबुंद झाले. मी तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या दिवसापासून गावात जो तो विचारायचा, "आली काय यादी?" हे वरवर वैतागायचे, पण आतून खूष होते, मला कळत होतं. शेवटी एका दुपारी यादी फोनवर आली. यांचं नाव नव्हतं. होडीत पाय ठेवला की ज्याला उलट्या होतात, अशा, पक्षात नुकत्याच आलेल्या एका पाहुण्याला मच्छीमारांचं महामंडळ मिळालं होतं.

तीन दिवस हे घराबाहेर पडले नाहीत. "निवडणुकीत पडलो तेव्हा एवढं वाटलं नव्हतं," म्हणाले. "अख्ख्या गावाला व्हय म्हणायला लावलं. आता कुठल्या तोंडानं जाऊ?" त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी गुरवकाका आले, सोबत रेशनच्या रांगेतल्या दोघी. सांत्वन करायला आले असतील तर दारातूनच परतवायचं, असं मी ठरवलं होतं.

"काय वो अध्यक्ष, आजारी पडलाव काय?"

"चेष्टा नको, काका. नाव नाही यादीत."

"ती सरकारची यादी. गावानं व्हय म्हटलाय, तो शब्द मागं घ्यायची रीत नाय आपल्यात."

दोघींपैकी एकीनं कोरा कागद पुढे केला. ओढ्यावरच्या साकवाची फळी निखळली होती, मुलं जीव मुठीत धरून शाळेत जात होती. तालुक्याला अर्ज द्यायचा होता. "अध्यक्षांनीच लिवायचा," ती म्हणाली.

यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. मग मला म्हणाले, "चष्मा कुठाय माझा?"

मी चष्मा आणला, न सांगता इस्त्रीचा शर्टही आणला. अर्ज झाला, खाली सही झाली. पेन तिथंच अडलं.

"अध्यक्ष लिवा," काका म्हणाले.

"अहो, पण कशाचा?"

"कुठलाबी चालंल, असा तुमीच सांगितलाव ना देवाला!"

चार दिवसांत पहिल्यांदाच यांचं हसू ऐकू आलं. चहा टाकते म्हणून मी आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून पोटभर रडले.